तेंगच्या साळुंक्यांची जागा

माझ्या चित्रांतल्या रिकाम्या जागेबद्दल लोक फार हुशारीने बोलतात. चेंगदूच्या एका समीक्षक बाईंनी तर मासिकात लांबलचक लेखच पाडला होता. वेन हुइचन यांच्या, म्हणजे माझ्या, चित्रात खडक डावीकडे सरकून उभा राहतो, उजवीकडचा कागद कोरा राहतो, आणि त्या कोऱ्या कागदात एका पिढीचं मौन आहे, वगैरे वगैरे. मी तो लेख भाजी निवडता निवडता वाचला आणि मला एकटीलाच हसू फुटलं. कसली पिढी नि कसलं मौन! ती जागा तेंगच्या साळुंक्यांची आहे.

हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. कला महाविद्यालयात आम्ही दोघं एका वर्गात होतो, शाई आणि कागदाच्या शाखेत. तेंग यीफान बोलण्यात वस्ताद, उधारीत पक्का, आणि पक्षी काढण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. त्यातही साळुंकी. आमच्याकडची काळीभोर, कपाळावर तुरा, एक पाय आखडलेला, चेहऱ्यावर आत्ताच शेजारणीशी भांडून आल्याचा भाव. मला पक्षी कधी जमले नाहीत. माझे पक्षी मातीचे वाटायचे. मला खडक यायचे, पाण्याकाठचा बोरू यायचा, गवत यायचं. म्हणून आम्ही काम वाटून घेतलं. आधी मी खडक काढायचा, बोरूची चार पाती ओढायची आणि उजवीकडे त्याच्यासाठी जागा सोडायची. मग तो यायचा, अर्धा तास नुसता कागदाकडे बघत शेंगदाणे खायचा, आणि बघता बघता साळुंक्या बसवून मोकळा व्हायचा. शेवटी सहीच्या जागी दोघांच्या नावांचे लाल शिक्के.

"वेन, एवढी जागा कुणासाठी? हत्ती काढू का?" तो म्हणायचा. दुसऱ्या दिवशी मी हात आखडता घेतला की लगेच, "आज काय कंजूषपणा? साळुंकीनं काय पाय पोटात घेऊन बसायचं?"

प्रेम होतं का, असं कुणी विचारलं तर, होतं. माझ्या बाजूने होतं. त्याच्या बाजूचं मला माहीत नाही आणि विचारणाऱ्यांतली मी नव्हते. मला वाटायचं, जागा सोडली की त्याला कळतं. मी किती सोडली, कुठे सोडली, बोरूचं पातं कुठे वाकवलं, एवढं सगळं तो वाचायचा आणि नेमका तिथेच पक्षी बसवायचा. ज्याला एवढं कळतं त्याला बाकीचंही कळत असणार, असा माझा हिशेब होता.

नव्वद साली त्याला जर्मनीला जायला मिळालं. निघायच्या दिवशी दुपारी वसतिगृहाच्या लांब टेबलावर आमचा एक कागद पडला होता. माझा खडक झाला होता, बोरू झाला होता. तो बॅगेवर बसून कुलूप लावायचा प्रयत्न करत होता, खाली मित्र हाका मारत होते.

"साळुंक्या राहू देत आता," तो म्हणाला. "आल्यावर काढतो. जागा धरून ठेव."

खाणावळीच्या रांगेत 'जागा धर' असं आम्ही एकमेकांना म्हणायचो, अगदी त्याच सुरात. मी म्हटलं, "धरते." आणि मी धरली.

सुरुवातीला मुद्दाम धरली. नवीन कागद घेतला की मी खडक डावीकडे घ्यायची, कारण तो दोन वर्षांत येणार होता आणि तेव्हा हाताशी कागद तयार हवेत. मग दोन वर्षं झाली, तो तिकडेच राहिला, आणि हाताला सवय लागून गेली. शाळेत मुलांना चित्रकला शिकवून घरी यायची, कागद पसरायची, खडक आपोआप डावीकडे जायचा. लग्न केलं नाही. आई होती तोवर तिने खूप कटकट केली, नंतर कटकट करायलाही कुणी उरलं नाही. निवृत्त झाल्यावर नदीकाठच्या बंद पडलेल्या कापड गिरणीत चित्रकारांना खोल्या देत होते, तिथे एक खोली घेतली. भिंतीला बारा महिने ओल, खिडकीबाहेर धुकं, आणि रस्त्यावरून खोलीपर्यंत यायला गुडघे मोडतील इतक्या पायऱ्या. डोंगरावरच्या ह्या चोंगचिंगमधे कुणाला तक्रार सांगणार? सगळ्यांच्याच नशिबी पायऱ्या.

तेंग मोठा झाला. पाडलेल्या घरांचे जुने दरवाजे गोळा करून तो मोठमोठ्या दालनांत टांगायचा आणि लोक त्या दरवाजांतून ये-जा करायचे. हे मी फोनवर बघायची. पक्षी कुठेच नव्हते. दरवाजे मात्र चांगले होते, खोटं कशाला बोलू. नववर्षाला त्याच्याकडून लाल कंदिलाचं एक चित्र यायचं, शंभर जणांना एकदम पाठवतात तसलं. मी त्याला उत्तर म्हणून लांबच लांब काहीतरी लिहायची, मग सगळं पुसून 'तुलाही शुभेच्छा' एवढंच पाठवायची.

माझ्या शेजारच्या खोलीत तान याओ नावाची मुलगी काम करते. तिशीची आहे, केस कधी हिरवे तर कधी नसतातच. ती स्वतःचीच फिल्म काढते. समोर रिकामी खुर्ची ठेवून कॅमेऱ्यापुढे नूडल्स खाते, आणि ते परदेशात दाखवतात. मी तिला म्हणते, "असं एकटीनं जेवणं म्हणजे कला असेल, तर मी तीस वर्षांपूर्वीच प्रसिद्ध व्हायला हवी होती." त्यावर ती म्हणते, "बाई, तुम्ही कॅमेरा लावायला विसरलात." तिच्याशी माझं बरं जमतं.

मागच्या शरद ऋतूत नव्या संग्रहालयात तेंगचं मोठं प्रदर्शन ठरलं. गावात जन्मलेला कलाकार इतक्या वर्षांनी गावात, म्हणून रस्त्यावर त्याच्या तोंडाची एवढाली पोस्टरं लागली. मी ती बघून न बघितल्यासारखं करत होते. आणि एका सकाळी मी भाजी घेऊन वर चढत असताना फोन वाजला. कंदील नव्हता. 'वेन, गुरुवारी दुपारी तुझ्याकडे आलो तर चालेल? तुझं काम बघायचं आहे.'

मी तिथेच पायरीवर बसले. मागून येणाऱ्या बाईंना वाटलं, मला चक्कर आली. त्यांनी माझ्या पिशवीतली कोथिंबीर गोळा केली, पाणी हवं का म्हणून विचारलं. मला इतका आनंद झाला होता की मी त्यांच्याकडे बघून नुसती हसत सुटले.

घरी आल्यावर मी पत्र्याच्या ट्रंकेतून तो नव्वद सालचा कागद काढला. ओलीने कागदाची वाट लागते, म्हणून मी तो गुंडाळून चहाच्या पानांच्या पुड्यांमधे ठेवायची आणि उन्हाळ्यात सावलीत वारा द्यायची. त्याला मागून जाड कागदाचं अस्तर चढवलं नव्हतं. अपुरं चित्र कुणी अस्तराला देत नाही. मी तो टेबलावरच्या लोकरी नमद्यावर पसरला, चार कोपऱ्यांवर वजनं ठेवली. खडक मला वाटलं होतं त्याहून चांगला निघाला. तेव्हा माझ्या हातात जोर होता.

तेवढ्यात याओ मीठ मागायला आली आणि मीठ विसरून टेबलापाशी उभी राहिली.

"बाई, हे कधीचं? हे का लपवून ठेवलंत?"

"लपवलं नाही. अपुरं आहे."

"अपुरं कुठाय? ही तर तुमची ती जगप्रसिद्ध जागा."

त्या दिवशी माझं तोंड सैल सुटलं होतं. मी तिला सगळं सांगितलं. साळुंक्या, वसतिगृह, जागा धरून ठेव. ती ऐकत गेली आणि तिचा चेहरा बदलत गेला.

"म्हणजे बाई, त्या सगळ्या चित्रांत... ती जागा त्यांची?"

"मग काय तुझी?"

"आणि ते मौन? तो लेख?"

"ते त्या बाईंना विचार. मौन त्यांना दिसलं."

ती हसली नाही. मला वाटलं होतं, हसेल. म्हणाली, "मग सरळ सांगा ना. आले की हातात कुंचला द्या. म्हणावं, आधी पक्षी काढा, मग चहा."

"असं सांगतात होय? तो काय नळदुरुस्तीवाला आहे?"

"का नाही सांगायचं?"

आता ह्या पोरीला काय समजवायचं. ती कॅमेऱ्यात वाढलेली. आमच्याकडे चित्रकार पाहुणा आला आणि त्याने कागदाला हात लावावा असं वाटत असलं, तर तोंडाने म्हणायचं नसतं. म्हणणं म्हणजे भीक मागणं, आणि नाही म्हणायची पाळी त्याच्यावर आणणं. कागद पसरून ठेवायचा, सहाणेवर शाईची कांडी उगाळून ठेवायची, कुंचला पाण्यात भिजवून त्याचा दांडा पाहुण्याच्या बाजूला करायचा. आपण चहाचं बघायला जायचं. पाहुण्याला कळतं. आमच्या गुरुजींकडे मोठमोठी माणसं यायची, त्यांतल्या एकालाही कधी सांगावं लागलं नव्हतं.

"आणि नाही कळलं तर?" याओने विचारलं.

"तेंगला नाही कळणार? अगं, मी बोरूचं एक पातं वाकडं काढलं तरी त्याला कळायचं."

ती मीठ घेऊन गेली. दारातून मात्र म्हणाली, "बाई, माणसं तीस वर्षांत आपल्या घरचा पत्ता विसरतात." मी तिला चपलेने मारायची धमकी दिली.

गुरुवारी मी सकाळपासून कामाला लागले. वाटाणे भिजवून शिजवले, खिमा परतला, मिरचीचं तेल काढलं, तिरफळं भाजून कुटली. महाविद्यालयाच्या फाटकाबाहेर तो वाटाण्याच्या नूडल्सचे दोन वाडगे खायचा आणि तिसरा माझ्यातला. जेवणाची तयारी झाल्यावर शाई उगाळायला बसले. उगाळताना घाई केली की शाई भरड होते, म्हणून मी शहाण्या मुलीसारखी सावकाश उगाळली. कुंचला त्याच्या आवडीचा, ताठ केसांचा. दांडा त्याच्या बाजूला. लाल शिक्केशाईच्या डबीशेजारी माझा शिक्का ठेवला आणि त्याचाही. त्याचा दगडी शिक्का मीच कोरला होता. परदेशात दगड कशाला वागवू म्हणून तो माझ्याकडे टाकून गेला होता. मी तो दात घासायच्या ब्रशने घासून लख्ख केला.

तो आला तो धापा टाकत. आधी आवाज ऐकू आला, "ह्या पायऱ्या कमी होतील म्हणून मी इतकी वर्षं थांबलो होतो!" मग माणूस दिसला. केस पांढरेशुभ्र, अंगात काळे ढगळ महागाचे कपडे. आल्या आल्या त्याने मला मिठी मारली, परदेशात मारतात तशी, आणि मी खांबासारखी उभी राहिले.

"काय वेन, अगदी तश्शीच आहेस."

"खोटारडा. डोळे तपासून घे."

"तपासलेत. मोतीबिंदू निघालाय एक. पण जीभ तुझी तशीच आहे, ती काही डोळ्यांनी बघावी लागत नाही."

आम्ही आधी जेवलो. त्याच्या वाडग्यात मी पूर्वीसारखं तेल ओतायला गेले तर त्याने हात आडवा धरला. "बेतानं, बेतानं. पोट आता जर्मन झालंय." मी त्याला इतकी हसले की माझ्याच घशात तिरफळ गेलं. त्याला घाम फुटला, नाक वाहायला लागलं, पण वाडगा त्याने रिकामा केला आणि तळाचे वाटाणे बोटाने पुसून खाल्ले. तो तास फार चांगला गेला. खोलीत दुसऱ्या माणसाच्या चघळण्याचा आवाज किती बरा वाटतो, ते मी विसरले होते.

त्याने आपलं सांगितलं. बायको सोडून गेली, त्यालाही बरीच वर्षं झाली. मुलगी हॅम्बुर्गला असते, तिला आपली भाषा येत नाही, आणि त्याची जर्मन ऐकून तिला लाज वाटते. मोठं गोदाम आहे, हाताखाली माणसं आहेत.

"मी हातानं आता काही करत नाही, वेन. मी बोट दाखवतो, लोक टांगतात. परवा बटण शिवायला सुई घेतली तर हात थरथरला."

"सुई निराळी," मी म्हटलं. "सवयीचं हत्यार हातात आलं की हात थरथरत नाही."

हे मी जरा मोठ्याने म्हणाले असेन. तो माझ्याकडे बघून हसला, उठला आणि बेसिनपाशी जाऊन हात धुतले. अगदी कोपरापर्यंत, साबण लावून. कागदाला हात लावण्याआधी गुरुजी आम्हांला तसेच धुवायला लावायचे. मी चहाचं पाणी ठेवायच्या निमित्ताने त्याच्याकडे पाठ केली, आणि किटलीच्या चकचकीत पोटात टेबल दिसत होतं तिकडे बघत राहिले.

तो टेबलापाशी गेला. "अरे! तू अजून हातानं उगाळतेस? आता बाटलीत मिळते ना तयार." त्याने फोन काढून सहाणेचा फोटो घेतला. शाईला नाक लावून वास घेतला, डोळे मिटले. मग त्याची नजर कागदावर गेली.

तो वाकून बघत राहिला. पाणी उकळायला लागलं, मी गॅस बंद केला आणि वळून उभी राहिले. त्याचा उजवा हात वर उचलला गेला, कुंचल्याच्या वरून पुढे गेला, आणि कोऱ्या जागेवर, कागदापासून वीतभर उंच, थांबला. बोटं जुन्या सवयीने जुळली होती. "इथे..." तो म्हणाला.

"इथे शाईचा एक थेंब जरी पडला ना वेन, तरी सत्यानाश होईल."

आणि त्याने दोन्ही हातांनी सहाण उचलली, सावकाश, एक थेंब हिंदकळू न देता, आणि टेबलाच्या पार दुसऱ्या टोकाला नेऊन ठेवली. मग कुंचलाही उचलून तिकडे ठेवला.

"हे कधीचं?" त्याने विचारलं.

"नव्वद सालचं."

"नव्वद! म्हणजे मी तेव्हा चिमण्या-कावळे काढत बसलो होतो, आणि तू इथवर येऊन पोचली होतीस?"

"साळुंक्या," मी म्हटलं.

"हां, साळुंक्या. आठवतं मला. तू असा खडक उभा करायचीस, आणि मी वर जाऊन पाखरं बसवायचो. सगळी चित्रं नासवली मी तुझी. कुणी अडवलं कसं नाही मला? गुरुजी ओरडून ओरडून सांगायचे, कोरा कागद म्हणजेही चित्रच, तो काढावा लागतो. मी शेंगदाणे खात असायचो. मी आयुष्यभर हेच शोधत फिरलो, वेन. दरवाजे टांगले, लोखंड टांगलं, क्रेन आणल्या, का, तर दोन दरवाजांच्या मधे ही एवढी जागा यावी म्हणून. आणि ती तू नुसत्या कागदावर, काही न करता..."

तो रडत होता. नाटक नव्हतं. तेंगची नाटकं मला पाठ आहेत. हा साठी उलटलेला माणूस माझ्या चित्रापुढे उभा राहून लहान पोरासारखा बाहीने डोळे पुसत होता.

"मी गेलो ते बरंच झालं," तो म्हणाला. "मधे लुडबुडायला कुणी राहिलं नाही. तू एकटी राहिलीस, म्हणून तुला हे जमलं."

शब्द माझ्या जिभेवर आले होते. अरे गाढवा, ती तुझी जागा आहे. तूच म्हणालास धरून ठेव. मी काही काढलं नाही, मी नुसती धरून बसले आहे. एवढंच म्हणायचं होतं, त्याला फार वेळही लागला नसता. पण मला इतका राग आला होता की तोंड उघडलं तर काय निघेल याची खात्री नव्हती. आणि दुसरंही होतं, ते कबूल करायला हवं. माझ्या चित्रापुढे आजवर कुणी रडलं नव्हतं. मी बोलले असते तर ते रडणं हास्यास्पद झालं असतं, आणि मग त्याने लाजून, वरमून, थरथरत्या हाताने मला साळुंक्या काढून दिल्या असत्या. उपकार म्हणून. तसल्या साळुंक्या मला नको होत्या. मला वसतिगृहातल्या टेबलावरच्या हव्या होत्या, आणि त्या काढणारा ह्याच्यात राहिला नव्हता.

"पण शिक्का कुठाय?" त्याने एकदम विचारलं. "शिक्क्याशिवाय चित्र पुरं झालं असं कसं म्हणायचं?"

"तेच," मी म्हणाले. "पुरं झालेलं नाही ते."

मी मुद्दाम त्याच्या डोळ्यांत बघून म्हणाले. एवढं म्हणायची मुभा मी स्वतःला दिली. त्याने मान डोलावली आणि टेबलावर इकडेतिकडे बघितलं. लाल डबी दिसली, दोन शिक्के दिसले. त्याने आधी स्वतःचा उचलला, उलटा करून अक्षरं वाचली.

"अरे! हा तर माझा! तू जपून ठेवलास?" तो लहान मुलासारखा खूश झाला. "हा घेऊन जातो मी. मुलीला दाखवेन, म्हणेन, बघ, तुझ्या बापाच्या नावाचा दगड." आणि त्याने तो रुमालात गुंडाळून खिशात टाकला.

मग माझा शिक्का घेतला. "लावू मी? मला लावू दे, वेन." मी हो म्हणाले. काय म्हणणार होते? त्याने तो लाल शाईवर टेकवला, डबीच्या कडेला जास्तीची शाई पुसली, आणि कागदावर वाकून जागा शोधू लागला. मी असते तर खाली कोपऱ्यात लावला असता. तो कोपऱ्याकडे गेलाच नाही. कोऱ्या भागात जरा खालच्या अंगाला, बोरूचं वाकलेलं पातं जिथे बोट दाखवत होतं तिथे, पक्ष्याचे पाय टेकले असते नेमक्या त्या ठिकाणी त्याने शिक्का धरला, अंगाचा भार टाकून दाबला आणि सरळ वर उचलला. नजर मेलेली नव्हती त्याची. जागा त्याला आजही अचूक कळली होती.

"झालं," तो म्हणाला.

खरंच झालं होतं. तेच तर वाईट होतं. तो छोटासा लाल चौकोन बसल्याबरोबर खडक सावरला, बोरू हलल्यासारखा वाटला, आणि इतकी वर्षं जे अपुरं दिसत होतं ते एकदम पुरं दिसायला लागलं. मी चित्रकार आहे, मला ते दिसत होतं आणि नाही म्हणता येत नव्हतं. चित्र चांगलं होतं. त्यात आता कुणाचीही वाट बघायची राहिली नव्हती.

संग्रहालयातून त्याला फोन यायला लागले. त्याने चित्राचे फोटो काढले, माझा काढला, दोघांचा काढला. पायऱ्यांपर्यंत मी सोडायला गेले. तो उतरता उतरता दर टप्प्यावर थांबून ओरडायचा, "उद्घाटनाला ये हं! पुढे बसवतो तुला!" मी हात हलवत होते. धुकं होतं, शेवटच्या वळणाला तो दिसेनासा झाला. आवाज मात्र थोडा वेळ येत राहिला.

परत आले तर याओ माझ्या खोलीत टेबलापाशी उभी होती.

"बाई, पक्षी कुठे आहेत?"

"नाही काढले."

"आणि हा शिक्का?"

"त्यानं लावला. माझा."

"तुम्ही सांगितलं नाहीत?"

"याओ, तू जा. तुझी खुर्ची वाट बघत असेल तुझी."

मी फार वाईट बोलले. तिचा चेहरा पडला. पण ती गेली नाही. तिने पातेल्यातल्या उरलेल्या नूडल्स दोन वाडग्यांत वाढल्या, एक माझ्यापुढे सरकवला आणि एक घेऊन माझ्यासमोर बसली. मला भूक नव्हती, तरी मी खाल्लं. खाताना मला रडू आलं. तिरफळाने आलं असं मी म्हणाले आणि तिने ते मान्य केलं.

"मग आता अस्तराला द्यायचं का चित्र?" वाडगे धुताना तिने विचारलं.

"दे," मी म्हटलं. "पुरं झालंय."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी रोजच्यासारखी उठले, चहा घेतला, नमद्यावर नवा कागद पसरला, वजनं ठेवली, शाई उगाळली. कुंचला भरून घेतला. हात आपला सवयीने डावीकडे निघाला आणि अर्ध्यावर थांबला. डावीकडे खडक काढायचा तो उजवीकडे जागा राहावी म्हणून. आता जागा कुणासाठी ठेवायची? मी हात मधे आणून बघितला, उजवीकडे नेऊन बघितला. कुठेही नेला तरी परक्याच्या घरात शिरल्यासारखं वाटत होतं. आयुष्यात पहिल्यांदाच सगळा कागद माझा एकटीचा होता, आणि सुरुवात कुठून करायची ते मला कळत नव्हतं. बराच वेळ मी तशीच उभी राहिले. मग कुंचला धुतला आणि कोरा कागद गुंडाळून ठेवून दिला.